ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात, मग कॅप्चा कुणाला विचारू?

मागच्या अंकात मी घरपट्टी भरतानाचा अनुभव लिहिला होता. तो अंक हुकला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मला दिसत नाही. मिरजेत शाळेत असताना, सोळाव्या वर्षी, काचबिंदूनं दृष्टी गेली. गेली बारा वर्षं पुण्यात संकेतस्थळं तपासायचं काम करते, तेही कानांनी. संगणकातला स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि मी कळफलकावरून पुढं सरकते. त्या दिवशी मालमत्ता क्रमांक टाकला, रक्कम ऐकली, सगळं सुरळीत झालं आणि अगदी शेवटी कॅप्चा आला. समोर यंत्र नसून माणूसच आहे ना, हे ताडायला दाखवतात ते वाकड्यातिकड्या सहा अक्षरांचं चित्र. ते ऐकायची सोय नव्हती. शेजारच्या नववीतल्या मुलाला हाक मारली. कॅप्चा दोनदा चुकला म्हणून तो बसूनच राहिला. कार्डाचा क्रमांक, फोननं मोठ्यानं वाचलेला ओटीपी, पैसे गेल्यावर खात्यात उरलेली रक्कम, सगळं त्याच्या कानावर पडलं. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण माझ्या खात्यात किती पैसे आहेत ते मी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांचं उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल अशी सहा निवडली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

नमस्कार ताई. माझं वय ७४. मधुमेहामुळे डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, उजव्यावर चष्मा लावून भागतं. सरकारी फॉर्म भरायला बसलो की अक्षरं फिकट राखाडी. चौकटीत काय लिहायचं ते चौकटीतच छापलेलं, आणि टाइप करायला लागलो की ते गायब. निम्म्यावर येतो तोवर वेळ संपल्याची पाटी येते आणि पुन्हा पहिलं पान. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही त्रास घेऊ नका, मी भरतो. मला खरंच जमेनासं झालंय का?
निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण

गुरुजी, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही तीन अडचणी लिहिल्यात. तिन्हींसाठी नियम आहेत आणि त्या पानानं तिन्ही मोडलेत.

संकेतस्थळ सर्वांना वापरता यावं म्हणून जगभर जे निकष मानले जातात त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. वेबचे तांत्रिक नियम ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ते काढते. पहिली आवृत्ती १९९९ ची, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. आपल्याकडे शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली. आमच्या कामात सगळे त्यांना जीआयजीडब्ल्यू म्हणतात. सुगम्यतेच्या बाबतीत त्यांचाही आधार हेच निकष.

आता तुमची फिकट अक्षरं. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला तो किमान ४.५ ला १ असावा लागतो. राखाडी रंग जरा फिका झाला की आकडा त्याच्या खाली जातो, आणि चांगल्या पडद्यासमोर बसलेल्या पंचविशीतल्या डिझायनरला त्यातलं काहीच जाणवत नाही. मोजायची साधनं फुकट मिळतात. मोजायला पाच मिनिटं लागतात. तरी मोजत नाहीत, याचा मला बारा वर्षांनंतरही राग येतो.

चौकटीचं नाव चौकटीबाहेर, कायम दिसेल असं हवं. ते मलाही हवं असतं. कोडमध्ये चौकटीला नाव दिलेलं नसलं की स्क्रीन रीडर नुसतं ‘एडिट, रिकामं’ म्हणतो. तिथं आईचं नाव लिहायचं की आधार क्रमांक, हे मी आजूबाजूच्या शब्दांवरून ताडत बसते.

वेळेचंही तसंच. मुदत संपायच्या आधी सूचना द्यावी, एखादी साधी कळ दाबून ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी किमान १० वेळा वाढवू द्यावी, असं निकष सांगतो. सुरक्षेसाठी मुदत लागते हे मला मान्य आहे. पण मुदत संपली तरी भरलेली माहिती राखून ठेवता येते. तुमचा अर्धा तास पुसून टाकायला सुरक्षेचं कारण पुरेसं नाही.

तोवर एवढं करून पाहा. कंट्रोलची कळ धरून अधिकचं चिन्ह दाबलंत की पान मोठं होतं. विंडोजची कळ आणि अधिक दाबलंत की पडद्यावर भिंग उघडतं. मुलाला त्याच्या मायेबद्दल आशीर्वाद द्या आणि फॉर्म तुम्हीच भरा.

ताई, मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. ग्रामसभेची नोटीस, घरकुलाची यादी, निविदा, सगळं मीच संकेतस्थळावर चढवतो. कृतीदेवमध्ये टाइप करायचं, प्रिंट काढायची, सरपंच आणि ग्रामसेवकांची सही, शिक्का, मग स्कॅन करून पीडीएफ टाकायची, ही आमची पद्धत. तुमचा लेख वाचून मनात आलं, तुम्ही ही पीडीएफ वाचता कशी?
संगणक परिचालक, सांगोला तालुका

वाचत नाही, दादा. वाचताच येत नाही. तुमच्या फाइलीवर माझा स्क्रीन रीडर पोचला की कागद रिकामा आहे म्हणतो आणि गप्प बसतो. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. फोटोत अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते नुसते ठिपके.

तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं. गावच्या माहितीची किल्ली तुमच्या हातात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्कॅन न करता कृतीदेवमधली फाइल तशीच दिलीत तरी माझी अडचण सुटत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात आत साठतात ती इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांचं रूप मराठी दिसतं. तुम्ही ‘महाराज’ टाइप करता तेव्हा ई, जी, के, जे, के, टी या कळा दाबता आणि फाइलीत तेवढंच राहतं. तुमच्या डोळ्यांना महाराज दिसतं, माझा संगणक ‘ईजीकेजेकेटी’ म्हणतो. पानभर मजकूर असेल तर पानभर हेच. युनिकोडमध्ये म हे अक्षर म म्हणूनच साठतं, कुठल्याही फॉन्टात, कुठल्याही फोनवर. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. जुन्या फॉन्टांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ते छापायच्या कागदासाठी होते. संकेतस्थळावर त्यांचं काम नाही.

तुमचा हात टंकलेखनाच्या जुन्या कळरचनेवर बसला असेल. ती सवय मोडायची गरज नाही, रेमिंग्टनची तीच रचना ठेवून युनिकोडमध्ये टाइप करता येतं. जुन्या फाइली बदलून देणारी साधनंही आहेत. फक्त बदलल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, आणि घोळ नेमका तिथं होतो. घरकुलाच्या यादीत आडनाव चुकलं तर त्या माणसाला किती खेटे घालावे लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सही-शिक्क्याचं काय, असं तुमचे साहेब विचारतील. मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय त्यांना दाखवा. शेवटी संकेताक असतो आणि आदेश डिजिटल स्वाक्षरीनं साक्षांकित केल्याचं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे ती सोय नसेल तर दोन्ही ठेवा: सही-शिक्क्याचा स्कॅन खाली आणि तोच मजकूर वर, पानावरच टाइप केलेला. पानावरच असं मुद्दाम म्हणते, कारण युनिकोडमधल्या मराठीची पीडीएफ केली तरी कधी कधी जोडाक्षरं आतल्या आत तुटतात आणि वाचताना ‘ग्रामपंचायत’चे तुकडे पडतात. साध्या पानावर ही भीती नाही.

मजकुराची बांधणीही महत्त्वाची. ओळ ठळक आणि मोठी केली म्हणजे ती शीर्षक होत नाही. वर्डमध्ये तिला ‘हेडिंग’ची शैली द्या. मग मी एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर जाते, तुम्ही पानावरून नजर फिरवता तशी. यादी तक्त्यात असेल तर पहिली ओळ तक्त्याचं शीर्षक म्हणून ठरवून द्या. नाहीतर तीनशे नावांच्या यादीत मधेच मला ‘१,२०,०००’ ऐकू येतात आणि ते मंजूर झालेले, मिळालेले की बाकी असलेले, हे कळायला पुन्हा वर चढावं लागतं.

एक गोष्ट तुमच्या हातात नसेल, पण ज्यांनी संकेतस्थळ बांधलं त्यांना जरूर सांगा. पानाची भाषा कोणती ते कोडमध्ये लिहावं लागतं, मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरं. तिथं इंग्रजीच राहिलं तर इंग्रजी आवाज मराठीवर ठेचकाळतो. हिंदी लिहिलं असेल तर हिंदी आवाज येतो. तो ४५ ला ‘पैंतालीस’ म्हणतो आणि ‘चांगला’तला च ‘चहा’तल्या च सारखा उच्चारतो. अर्थ लागतो, पण आपल्याच गावची नोटीस कुणी परगावचा माणूस वाचतोय असं वाटत राहतं.

हे सगळं माझ्यासारख्या थोड्या लोकांसाठी, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा: टाइप केलेल्या यादीत नाव शोधता येतं. पुण्या-मुंबईत कामाला गेलेला तुमच्या गावचा माणूस फोनवर स्वतःचं आडनाव लिहून दोन सेकंदांत यादीतली ओळ गाठेल. स्कॅनमध्ये तोही बोटानं पानं सरकवतच बसतो.

मॅडम, आम्ही नगरपालिकांची संकेतस्थळं बनवतो. कोडची एक ओळ टाकली की कोपऱ्यात निळं चिन्ह येतं. अक्षर मोठं करणं, रंग बदलणं, वाचून दाखवणं, सगळं त्यात. विक्रेता म्हणतो शंभर टक्के सुगम्य. ते बसवलं तर चालेल ना?
वेब डेव्हलपर, छत्रपती संभाजीनगर

नाही. माझा संगणक आधीच बोलतो. तुमचं चिन्हही बोलायला लागलं की दोन आवाज एकमेकांवर पडतात आणि मला दोन्हींतलं काही कळत नाही. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये असतेच. आणि ज्या चौकटीला तुम्ही नावच दिलेलं नाही, तिचं नाव ते चिन्ह कुठून आणणार? अमेरिकेत अशी वस्तू विकणाऱ्या एका कंपनीनं, ती बसवली की कोणतंही संकेतस्थळ निकषांत बसतं असा दावा केला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये त्या कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

ते पैसे वाचवा आणि एक दुपार द्या. संगणकाचा माउस काढून कपाटात ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाण, एवढ्याच कळांवर तुमचा जन्मदाखल्याचा अर्ज पहिल्यापासून पावतीपर्यंत भरून दाखवा. आपण कुठं आहोत ते पडद्यावर दिसतं का? जन्मतारखेच्या कॅलेंडरात शिरल्यावर बाहेर पडता येतं का? जिथं तुम्ही अडकाल तिथं मी अडकते, आणि अर्धांगवायूनं उजवा हात गेलेला माणूसही अडकतो.

कॅप्चाबद्दलही लिहिते, कारण तो तुम्हीच बसवता. ओटीपी पाठवणारच असाल तर समोर माणूस आहे याची खात्री तिथं बऱ्यापैकी होते. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, हजारो एसएमएस पाठवायला लावतील ही तुमची भीती खरी आहे. पण एका क्रमांकाला, एका ठिकाणाहून, ठरावीक वेळात किती ओटीपी जावेत ही मर्यादा सर्व्हरवर घालता येते. ते काम तुमचं. ते टाळण्यासाठी दर नागरिकाची नेत्रपरीक्षा घेऊ नका.

माझी मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही, अकरावीला आहे. शिष्यवृत्तीची माहिती व्हिडिओत देतात, खाली अक्षरं नसतात. अडचण आली तर ‘हेल्पलाइनला फोन करा’ एवढंच. तिनं फोन कसा करायचा?
एक आई, म्हापसा

ताई, व्हिडिओखाली बोलण्याची अक्षरं असणं ही या निकषांतली अगदी पहिल्या पायरीची अट आहे. आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. मराठीत आणि कोकणीत ती नेमकी रक्कम, तारीख आणि योजनेचं नाव चुकवतात, आणि शिष्यवृत्तीत तेवढंच तर पाहायचं असतं. माणसानं तपासलेली अक्षरं हवीत. तुमच्या मुलीचं मन खुणांच्या भाषेत चालत असेल तर व्हिडिओच्या कोपऱ्यात दुभाषाही हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये खुणांची भाषा आणि मजकुराच्या ओळी, दोन्हींचा उल्लेख आहे.

फोनबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थबकले. माझ्यासाठी फोन हीच सगळ्यात सोपी वाट, म्हणून मी बारा वर्षांत दर अहवालात ‘हेल्पलाइन क्रमांक ठळक द्या’ लिहीत आले. फोनच्या शेजारी ई-मेल आणि एसएमएस हवा, हे आता प्रत्येक अहवालात लिहीन.

ताई, मी पूर्ण अंध आहे, बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. फॉर्मच्या मुदतीच्या आदल्या रात्री फोटो आणि सही चढवायच्या पानावर बटणांना नावंच नव्हती, सगळी ‘बटण, बटण’. मित्रानं व्हिडिओ कॉलवर पडदा पाहून वाट दाखवली म्हणून फॉर्म गेला. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘कृपया कुणाची तरी मदत घ्या.’ पुन्हा लिहायला लाज वाटते, भीक मागितल्यासारखं होतं. कायदा काही म्हणतो का?
विद्यार्थी, लातूर

कायदा बरंच काही म्हणतो, आणि तुझ्या बाजूनं म्हणतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याखालच्या २०१७ च्या नियमांत, नियम १५ मध्ये, शासकीय संकेतस्थळांनी जीआयजीडब्ल्यू पाळावं आणि संकेतस्थळावरचे कागद ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात किंवा अक्षरं ओळखता येतील अशा पीडीएफमध्ये असावेत, असं होतं. म्हणजे सांगोल्याच्या दादांना मी वर जे सांगितलं ते सरकारनं तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं. पण नियमाची भाषा सूचनेसारखी होती. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूडी खटल्यात याच कारणानं नियम १५(१) रद्द केला. मूळ कायदा बंधन घालतो आणि नियम नुसता सल्ला देतो, हे चालणार नाही, बंधनकारक मानकं ठरवा, असं न्यायालयानं सरकारला सांगितलं आणि त्यासाठी तीन महिने दिले.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील न्यायालयात गेले होते. बँकेत ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ज्यांच्या पापण्याच जळून गेल्यात त्यांनी काय मिचकावायचं? न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत २० निर्देश दिले. संकेतस्थळं ठरावीक काळानं तपासून घ्या आणि त्या तपासणीत अंध व्यक्तींना सामील करा, हेही त्यांत आहे. तो निकाल मी तीनदा ऐकला. तू मूळ इंग्रजीतून ऐक, परीक्षेलाही उपयोगी पडेल.

लाजेबद्दल तुला सिडनीची गोष्ट सांगते. ब्रूस मॅग्वायर नावाचे अंध गृहस्थ ब्रेल उमटवणाऱ्या उपकरणावर संकेतस्थळं वाचत. २००० च्या ऑलिंपिकचं संकेतस्थळ त्यांना वाचता येईना, चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, नव्हता आणि निकालांचे तक्ते लागत नव्हते. १९९९ मध्ये त्यांनी तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजक म्हणाले, फार वेळ आणि फार पैसा लागेल. आयोगानं ते मानलं नाही. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूनं लागला आणि आयोजकांनी तरी पुरतं पाळलं नाही तेव्हा त्यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. एका माणसाची तक्रार होती ती. वेबच्या सुगम्यतेबद्दल कुठंही बोलणं निघालं की आजही तिचा दाखला देतात.

आता तुझं पत्र कसं असावं. पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ, कोणता ब्राउझर, कोणता स्क्रीन रीडर. तू कोणती कळ दाबलीस, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं. ‘फोटो निवडा’ असं नाव हवं होतं, तिथं ‘बटण’ ऐकू आलं, इतकं साधं. शेवटी, त्यामुळे काय झालं: अर्ज दुसऱ्याच्या डोळ्यांनी भरावा लागला, तुझी माहिती त्याच्यापुढं उघडी पडली. दया, कृपा हे शब्द नकोत. दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते लेखी मागायचं. आधी त्या कार्यालयाला लिही, दाद लागली नाही तर राज्याचं किंवा स्थानिक कार्यालय असल्यास पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, केंद्राचं असल्यास दिल्लीत मुख्य आयुक्तांकडे. ‘कुणाची तरी मदत घ्या’ हे उत्तर जपून ठेव, ते जोडायचंच. माहिती अधिकारात कागद मागवलेस आणि ते तुला वाचता येत नसतील तर २००५ च्या त्या कायद्याचं कलम ७(४) लक्षात ठेव. पाहण्या-ऐकण्याची अडचण असलेल्या माणसाला माहिती कळावी म्हणून साहाय्य करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

घरपट्टीच्या त्या कॅप्चाबद्दल मीही तक्रार केली होती, तिचं काय झालं तेही सांगते. अकरा दिवसांनी फोन आला, महिन्याभरात ऐकू येणारा कॅप्चा बसला. पण अक्षरांमागं इतका गोंगाट घातलाय की पाचव्या प्रयत्नाला लागला. मी दुसरं पत्र पाठवलंय, त्यात ध्वनिफीत जोडली आहे. तूही दुसरं पत्र पाठव.

मी सेवा केंद्र चालवतो. येणारे बहुतेक म्हातारे, निरक्षर, काही दिव्यांग. सगळे आपला पासवर्ड मलाच ठेवायला देतात, माझ्याकडे तशी एक वही भरलीय. मी आजवर कुणाचा गैरफायदा घेतला नाही. पण तुमच्या शेजारच्या मुलाची गोष्ट वाचली आणि ती वही बघवेना. मी काय करू?
केंद्रचालक, जुन्नर तालुका

दादा, लोकांनी तुमच्यावर टाकलेला विश्वास तुम्ही सांभाळलात. पण वही चोरीला जाऊ शकते, तुमच्यानंतर गल्ल्यावर दुसरं कुणी बसू शकतं. जो माणूस येईल त्याचं पान त्याच्या हातात द्या, घरी ठेवायला सांगा, पासवर्ड त्याच्याच समोर बदलून घ्या. वही रिकामी झाली की जाळून टाका. लिहिता न येणाऱ्यांना तुमची गरज राहणारच आहे. त्यांचा ओटीपी मोठ्यानं उच्चारू नका, त्यांच्या फोनवरून पाहून तुम्हीच टाका आणि निरोप पुसून फोन परत द्या.

दृष्टिहीन माणसांसाठी मात्र तुम्हाला आजच करता येईल असं एक काम आहे. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये तो बांधायला घेतला आणि तेव्हापासून तो फुकट आहे. मराठी बोलतो. तुमच्या एका संगणकावर बसवा आणि गल्ल्यात इअरफोनची एक जोडी ठेवा. काठी घेऊन कुणी आलं तर आधी विचारा, तुम्ही स्वतः भरता का? हो म्हणाले तर खुर्ची द्या, इअरफोन द्या, कंट्रोल, ऑल्ट आणि एन या तीन कळा एकदम दाबा, कळफलक त्यांच्याकडे सरकवा आणि तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळा. काम झाल्यावर इन्सर्ट आणि क्यू दाबून एंटर केलंत की तो बंद होतो.